विश्लेषण : भिडू दर हंगामाला नवे, तरी कापूस खरेदीची साखळी चालते कशी आणि तुटते कुठे?

‘दर्यापूरच्या शेतकऱ्याने सीसीआयला कापूस विकला.’ वाक्य एवढंच. पण या एका वाक्यात किती जणांचे हात लागतात ते मोजायला बसलं, तर दोन्ही हातांची बोटं अपुरी पडतात. सातबारा आणि ई-पीक पाहणीची नोंद महसूल खात्याची. पडताळणी बाजार समितीची. खरेदी भारतीय कापूस महामंडळाची, म्हणजे सीसीआयची. जागा, काटा आणि यंत्रं जिनिंगवाल्याची. वाहतूकदार वेगळा, गोदाम आणखी कुणाचं तरी. पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात. आणि शेवटी ऑनलाइन लिलावात गाठ घेणारी सूतगिरणी, जी कदाचित तमिळनाडूत असेल.

यातला एकही दुसऱ्याचा नोकर नाही. त्यात भर म्हणजे हे भिडू कायमचे नाहीत. जिनिंग कारखाने दर हंगामाला निविदेतून ठरतात. गेल्या वर्षी ज्या फाटकासमोर गाड्यांची रांग लागली होती, तिथे यंदा केंद्र असेलच असं नाही. अकोला-अमरावतीत कापसाचा हमीभाव किती, यावर भरपूर बोललं जातं. तो भाव इतक्या हातांतून शेतकऱ्यापर्यंत पोहोचतो कसा, यावर फारसं नाही. गेल्या काही हंगामांतली बरीचशी भांडणं मात्र याच जागी झाली आहेत.

एका गाडीचा प्रवास

समजा, एका शेतकऱ्याकडे २० क्विंटल कापूस आहे. २०२५-२६च्या हंगामापासून सीसीआयला माल द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी सक्तीची झाली. सप्टेंबरपासून नोंदणी सुरू झाली आणि नंतर मुदत वाढवावी लागली. आधार, सातबारा, पीकपेरा हे सगळं ॲपवर चढवायचं, पडताळणीची वाट पाहायची, मग पुढच्या सात दिवसांतला एखादा स्लॉट पकडायचा. स्लॉट मिळाला की गाडी ठरवायची, मजूर बोलवायचे, गंज्या भरायच्या.

गाडी जिनिंगच्या फाटकात शिरते तिथे पहिली अडचण शब्दांचीच. फाटक खासगी मालकाचं, आत माल पाहणारा ग्रेडर सीसीआयचा, कापूस उतरवणारे हमाल तिसऱ्याच कुणाचे. शेतकऱ्याच्या लेखी हे सगळे मिळून ‘केंद्रवाले’. तक्रार करायची वेळ आली की मग कळतं की ‘केंद्रवाले’ नावाचं कुणी अस्तित्वातच नाही.

ग्रेडर ओलावा मोजतो. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात. १२च्या वर माल परत. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. ओलावा ११ टक्के निघाला तर तीन टक्के म्हणजे २४३ रुपये ३० पैसे कापले जातात. २० क्विंटलमागे ४,८६६ रुपये गेले. दिवाळीच्या आसपासच्या पहिल्या वेच्यात, पाऊस लांबला असेल तर, हा आकडा नेहमीचाच.

माल नाकारला गेला तर गाडीभाडं शेतकऱ्याच्या अंगावर आणि स्लॉटही गेला. परतीच्या वाटेवर खासगी व्यापारी उभाच असतो.

माल घेतला गेला तर तो ढिगात जातो आणि तिथे त्याची ओळख संपते. रुई आणि सरकी वेगळी होते. रुई दाबून १७० किलोची गाठ बांधली जाते. साधारण पाच-सव्वापाच क्विंटल कापसाची एक गाठ धरली, तर या शेतकऱ्याच्या चार गाठी. पण कोणत्या चार, हे कुणालाच सांगता येणार नाही. सीसीआयच्या गाठीवर आता क्यूआर कोड असतो. कोणत्या कारखान्यात, कधी बांधली गेली हे त्यावरून कळतं. गाठ बिघडली तर कारखाना सापडतो. ढिगात मिसळलेला एकेका शेतकऱ्याचा कापूस मात्र कोणताही कोड पुन्हा वेगळा करू शकत नाही.

हुकूम आणि निरोप

अनेक संस्थांमधून जाणाऱ्या कामाची अशी साखळी कशी आखावी, हा संगणकशास्त्रातला जुना विषय. त्यासाठी बीपीएमएन नावाची एक चित्रलिपी आहे. २००४ मध्ये तिची पहिली आवृत्ती आली, २०११ मध्ये दुसरी, आणि २०१३ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. पोहण्याच्या तलावासारखं चित्र असतं. प्रत्येक संस्थेचा एक तलाव, तलावात प्रत्येक विभागाची एक मार्गिका.

या लिपीतला एक नियम कापूस खरेदीवर नेमका बसतो. ‘हे झाल्यावर ते करा’ असं सांगणारी सलग रेघ एका तलावाच्या आतच काढता येते. ती दुसऱ्या तलावात नेता येत नाही. दोन तलावांमध्ये फक्त तुटक रेघ, म्हणजे निरोप. कारण सरळ आहे. आपल्या संस्थेत हुकूम चालतो, दुसऱ्याच्या संस्थेत निरोपच पाठवता येतो.

सीसीआय आपल्या ग्रेडरला सांगू शकते की उद्या सकाळी केंद्रावर हजर राहा. पण ई-पीक पाहणीत पिकाची नोंद चुकली असेल, तर महसूल खात्याला ती हुकूम देऊ शकत नाही. बाजार समिती बँकेला सांगू शकत नाही की आज पैसे टाक. हे सगळे निरोप आहेत. निरोपाला उत्तर आलं नाही तर पुढे काय, हे आधी ठरलेलं नसेल, तर तो निरोप घेऊन धावतो कोण? शेतकरी. तलाठ्याकडे एक चक्कर, समितीत एक, बँकेत एक. साखळीत ज्याला कुणी पगार देत नाही, तोच सगळ्यांचा पोस्टमन होतो.

साखळी दोन प्रकारे बांधता येते. एक प्रकार लग्नातल्या बँडचा. मास्तर हात वर करतो, बाकीचे वाजवतात. मास्तर थांबला की सगळं थांबतं. दुसरा प्रकार दिंडीतल्या पावलीचा. कुणी खूण करत नाही, पावलं सगळ्यांना ठाऊक असतात. वाटेत एखाद्या गावचा नवा वारकरी शिरला तरी दोन मिनिटांत जुळून जातो, एखादा बाजूला झाला तरी खेळ चालू राहतो. भिडू बदलत राहणार असतील तर पावलं पक्की हवीत.

कारंजात लिहिली गेलेली पावलं

ही युक्ती वऱ्हाडाला नवी नाही. १८८६ मध्ये हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेंटच्या आदेशाने कारंजा इथे, म्हणजे आजच्या वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा (लाड) गावी, कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातला तो पहिला मानला जातो. १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदाच झाला. पुढे देशात बाजार समित्यांचे जे कायदे झाले, त्यांचं मूळ तिथे शोधलं जातं. राज्याचा आजचा बाजार समिती कायदा १९६३चा.

त्या जुन्या कायद्याची गंमत अशी की त्यात कुणा व्यापाऱ्याचं नाव नव्हतं. काम होतं. दलाल कोण होऊ शकतो, माप कोण करणार, त्याला परवाना कोण देणार. बाजारात रोज येणारा शेतकरी वेगळा, खरेदीदारही वेगळा. दोघं एकमेकांना ओळखत नसले तरी चालत होतं, कारण मधला मापारी परवान्याचा होता आणि त्याचं काम लिहिलेलं होतं. मापारी बदलला तरी मापाची जागा तीच राहिली. सॉफ्टवेअरवाले आज याला भूमिका आणि भूमिका निभावणारा वेगळे ठेवणं म्हणतात. कारंजात ते विजेच्या दिव्याआधी झालं होतं.

एकाच मास्तरचा बँड

याच्या अगदी उलटा प्रयोगही याच मातीत झाला. १९७१चा कायदा आणि १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी योजना. राज्यात कापूस विकत घेणारा एकच, तो म्हणजे राज्य शासन, आधी पणन महासंघामार्फत आणि १९८४ पासून कापूस उत्पादक पणन महासंघामार्फत. खासगी व्यापाऱ्याला खरेदीत जागाच नाही. जिनिंगवाला फक्त मजुरीवर रुई काढून देणारा.

हेतू चांगला होता. भाव पडला तरी शेतकऱ्याच्या हाती ठरलेली किंमत पडावी. ज्या वर्षी बाजार खाली, त्या वर्षी शेतकऱ्याला आधार आणि शासनाला तोटा. ज्या वर्षी बाहेर भाव जास्त, त्या वर्षी कापूस रातोरात सीमेपलीकडे. परतवाड्याहून मध्य प्रदेश काही लांब नाही. पैसे हप्त्याहप्त्याने मिळत. वऱ्हाडातल्या पन्नाशी ओलांडलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला चुकाऱ्याच्या वाटेवरचे ते दिवस आठवतात. मास्तरकडे पैसा नसला की सगळा बँड गप्प. २००२च्या सुमारास ही मक्तेदारी संपली.

तेव्हापासून चित्र मोकळं झालं. खासगी खरेदी, खेडा खरेदी, बाजार समिती, सीसीआय, शेतकरी उत्पादक कंपन्या. भिडू वाढले आणि बदलू लागले. पावलं मात्र प्रत्येकाने आपापली लिहिली.

भिडू बदलतो म्हणजे नेमकं काय होतं?

जिनिंगचंच पाहू. निविदेत कारखाना ठरतो तो दर, यंत्रसामग्री, जागा, आगीपासून संरक्षणाची सोय अशा गोष्टींवर. करारात रुईचा उतारा, गाठीचं वजन, कोणत्या मुदतीत किती गाठी हे सगळं असतं. कारखान्याच्या आत मालक किती मजूर लावतो, कोणत्या पाळीत यंत्र चालवतो, याच्याशी सीसीआयला देणंघेणं नसतं. बाहेर जे दिसतं तेवढंच तिचं. हे योग्यच आहे. नाहीतर दर हंगामाला नवा कारखाना जोडताना त्याचा सगळा संसार समजून घ्यावा लागेल.

अडतं ते करार लांबला की. दर किंवा अटी जुळल्या नाहीत तर कारखाने निविदेला प्रतिसाद देत नाहीत, केंद्र उशिरा उघडतं, आणि कापूस घरात. नोव्हेंबर २०२५ मध्ये तेलंगणात जिनिंगवाल्यांनी याच कारणाने कामच बंद केलं होतं. कारखान्यांची एल-१, एल-२ अशी प्रतवारी लावून आधी काहींनाच माल देण्याच्या पद्धतीवर त्यांचा आक्षेप होता. आदिलाबादचा कापूस आणि यवतमाळचा कापूस, मध्ये फक्त पैनगंगा. तिथे जे घडलं ते इथल्या मालकांनी लक्ष देऊन पाहिलं.

सीसीआय हा काही छोटा गिऱ्हाईक नव्हे. २०२४-२५ मध्ये देशभरात तिने सुमारे १०० लाख गाठींचा कापूस घेतला. बाजारभाव हमीभावाच्या खाली गेला की सगळ्यांची धाव तिच्याकडे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने आयात कापसावरचं ११ टक्के शुल्क तात्पुरतं उठवलं आणि ती सवलत वर्षअखेरपर्यंत वाढवली, तेव्हा तर ही धाव वाढणारच होती. साखळीवर ताण येतो तो असा. आणि साखळी तुटते ती कारखान्याच्या आत किंवा बँकेच्या आत नव्हे, तर दोघांच्या मधल्या जागेत.

बँकसुद्धा बदलते

भिडू बदलल्याचं सर्वांत नेटकं उदाहरण बँकेचं. १ मे २०२५ला विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक यांचं विलीनीकरण होऊन राज्यात एकच ग्रामीण बँक उरली. अकोल्यातल्या जुन्या लोकांनी या खात्यावर तिसऱ्यांदा पाटी बदललेली पाहिली. आधी विदर्भ क्षेत्रीय ग्रामीण बँक, जिचं मुख्यालयच अकोल्यात होतं, मग विदर्भ कोकण, आता महाराष्ट्र ग्रामीण.

चुकारा खाते क्रमांक आणि आयएफएससी लिहून पाठवायचा असता तर अशा प्रत्येक विलीनीकरणानंतर हजारो नोंदी दुरुस्त कराव्या लागल्या असत्या. आधारवर पैसे जातात तेव्हा ‘या आधारला आज कोणती बँक जोडलेली आहे’ एवढंच विचारलं जातं. बँकेचं नाव आधी लिहून ठेवायची गरज नाही, ते ऐनवेळी शोधलं जातं. यूपीआयही २०१६ पासून असंच वाढलं. नवी बँक आली, नवं ॲप आलं, पानटपरीवाल्याला क्यूआरची पाटी बदलावी लागली नाही.

याच सोयीला एक काटाही आहे. पैसे शेवटी ज्या बँकेला आधार जोडलं गेलं तिथे जातात. एखाद्याने कुठल्याशा योजनेसाठी दुसऱ्या गावच्या बँकेत खातं उघडून आधार जोडलेलं असतं आणि तो विसरलेला असतो. कापसाचे पैसे तिथे जाऊन पडतात आणि हा आपल्या नेहमीच्या शाखेत पासबुक भरून भरून थकतो.

ज्याला भूमिकाच नाही त्याचं काय?

आतापर्यंत बदलणारा भिडू म्हणजे कारखाना किंवा बँक धरली. पण शेतकऱ्याच्या घरातही माणसं बदलतात.

सप्टेंबरमध्ये नोंदणी केलेला शेतकरी नोव्हेंबरमध्ये वारला. कापूस घरात आहे, नोंदणी त्याच्या नावावर, आधार त्याचं. वारसनोंद लावायची तर फेरफाराची नोटीसच १५ दिवसांची. तोवर पोराने काय करायचं? ॲपने माणूस नोंदवला, शेत नोंदवलं नाही. भूमिका आणि नाव एकच धरलं की असं होतं.

मक्त्याने किंवा बटईने वाहणाऱ्याची अडचण याहून मोठी. पेरणी त्याची, फवारणी त्याची, वेचाईची मजुरी त्याने दिली. पण सातबाऱ्यावर नाव मालकाचं. मालकाचे कागद आणि मालकाची मर्जी याशिवाय गाडी हलत नाही. अनेक घरांत पऱ्हाटीचा सगळा कारभार बाईच्या हाती आणि उतारा सासऱ्याच्या नावावर, तिथेही हेच.

कडक पडताळणीची दुसरी बाजूही खोटी नाही. शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावर व्यापारी आपला माल हमीभावाने खपवतात, ही जुनी तक्रार आहे. आधार, ॲप, एकरी किती क्विंटल घ्यायचे याची मर्यादा हे सगळं त्यातूनच आलं. पण ज्या कुंपणाने व्यापारी बाहेर राहावा, त्याच कुंपणाला बटईदार अडतो. व्यापाऱ्याला कागद जमवता येतात. बटईदाराला मालकाच्या दारात उभं राहावं लागतं.

खेडा खरेदीचा व्यापारी इतक्या वर्षांत का टिकला, याचं उत्तरही इथेच आहे. तो दारात येतो, काटा लावतो, नोटा मोजतो. भाव पाचशे-हजाराने कमी देतो, मापात मारतो असंही लोक म्हणतात. पण त्याच्या व्यवहारात दोनच भिडू. ओलाव्याचं यंत्र नाही, स्लॉट नाही, पडताळणी नाही, पोस्टमन व्हावं लागत नाही. क्विंटलमागे कमी मिळालेले ते पैसे म्हणजे साखळीतल्या सगळ्या चकरांची किंमत. शेतकरी ती जाणूनबुजून मोजतो. त्याला हिशोब कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा स्लॉटची वाट पाहून बघावी.

पुढची साखळी आणखी लांब

अमरावतीजवळ नांदगाव पेठ इथे वस्त्रोद्योगाची औद्योगिक वसाहत आधीपासून आहे. आता जिल्ह्यात पीएम मित्र योजनेतलं सुमारे १,००० एकरांचं वस्त्रोद्योग पार्क होऊ घातलं आहे. २० सप्टेंबर २०२४ला वर्ध्यातून त्याची पायाभरणी झाली. शेत, धागा, कारखाना, कपडा आणि परदेश, अशी सरळ रेघ सरकारी कागदावर आहे. प्रत्यक्षात त्यात सूत काढणारे, विणणारे, रंगवणारे, शिवणारे वेगवेगळे उद्योग असतील, आणि ते येत-जात राहतील. परदेशी गिऱ्हाईक हल्ली कापूस कुठला ते विचारतं. ‘कस्तुरी कॉटन’ हे नाव ७ ऑक्टोबर २०२०ला त्यासाठीच पुढे आलं. म्हणजे अकोटच्या ढिगात हरवलेली ओळख पाच कारखाने ओलांडून शर्टापर्यंत न्यायची आहे.

तोवर शेतकऱ्याच्या हाती असलेली साधनं साधी आहेत. नोंदणीआधी आधार कोणत्या बँकेला जोडलेलं आहे ते तपासणं. ई-पीक पाहणीत कापूसच लागला आहे ना, हे सातबाऱ्यावर स्वतः पाहणं. घरून निघण्याआधी ओलावा मोजून घेणं. गावात एखाद्याकडे यंत्र असतंच. केंद्रावर वजनाची पावती आणि प्रत लिहिलेली नोंद या दोन्हींचा फोटो तिथेच काढणं. माल नाकारला तर कारण लेखी मागणं, आणि ते कारण देणारा सीसीआयचा की जिनिंगचा, हे विचारून घेणं. बाजार समिती स्तरावर खरेदीवर लक्ष ठेवणारी स्थानिक समिती असते. तक्रार तिच्याकडे जाते, पण ती कुणाविरुद्ध आहे ते कागदावर हवं.

कापसाचं वर्ष ३० सप्टेंबरला संपतं. तोवर कारखान्यांचे करार संपलेले असतात, फाटकावरचा केंद्राचा फलक उतरलेला असतो आणि गोदामातल्या गाठी लिलावात एकेक करून जात असतात. १ ऑक्टोबरपासून नवं वर्ष, नव्या निविदांतले कारखाने, नव्या नोंदण्या. सीतादहीची पूजा करून वेचणीला सुरुवात करणाऱ्या घरात पहिली चौकशी असते ती यंदा केंद्र कोणत्या जिनिंगला लागलं याची.